जागेवरून उठू नये

९ मे

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि छोटी मजेत असाल असं धरून चालते. आम्ही दोघंही ठीक.

रविवारी फोनवर बोललो की, मग पत्राचं खूळ कुठून निघालं, असं म्हणशील. त्याचं असं आहे, की या घरात फोनला रेंज एकाच ठिकाणी येते, बाबांच्या पलंगाच्या डोक्याशी. आणि बाबांची वाचा गेली, कान शाबूत आहेत. मी तुला काय सांगते ते सगळं ते ऐकतात आणि मी काय गाळते तेही त्यांना कळतं. म्हणून फोनवर मी हवापाण्याचं बोलते. शिवाय तू ‘बोल’ म्हणालास की मला काही सुचत नाही, हे तुला लहानपणापासून माहीत आहे. एरवी भुंग्यासारखी कानाशी गुणगुणत असते.

बातम्या अशा, की साथीमुळे परीक्षा दोनदा पुढे गेली. ज्या सभागृहात आम्ही बसणार होतो तिथे आता रोग्यांच्या खाटा टाकल्यात. शेवटी परीक्षा मंडळाने ठरवलं, की वकिलीच्या सनदेची परीक्षा यंदा घरूनच, कॉम्प्युटरसमोर बसून द्यायची. कॅमेरा आपल्यावर रोखलेला आणि पलीकडे कोणीतरी अनोळखी माणूस आपल्याकडे बघत बसलेलं. नियम वाचून घाम फुटतो. पेपर चालू असताना जागेवरून उठू नये. इकडेतिकडे बघू नये. खोलीत दुसऱ्याचा आवाज येऊ नये. वाचताना ओठ हलवू नयेत. आता मी तर पुटपुटल्याशिवाय एक कलम वाचू शकत नाही! म्हणून सध्या दातांत पेन्सिल धरून अभ्यास चाललाय. बाबांना त्याची फार गंमत वाटते. मी पेन्सिल धरली की त्यांच्या तोंडाची जी बाजू हसू शकते ती हसते.

त्यांचं एक तुला सांगायचं राहिलंय. तू दवाखान्यात आला होतास तेव्हा ते शुद्धीवर नव्हते, त्यामुळे तू ते ऐकलेलं नाहीस. बाबा एकच गोष्ट बोलतात. ‘हाजिर हो.’ डॉक्टर म्हणाले, शब्दांची जागा गेली, पण जन्मभर घोकलेलं एखादं वाक्य मेंदूत दुसरीकडे साठून राहतं, ते वाचतं. इतकी वर्षं कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून पक्षकारांचा पुकारा केला, तेवढंच उरलं. पाणी हवं, ‘हाजिर हो’. कूस बदलायची आहे, ‘हाजिर हो’. दुखतंय, तेही तेच. मला आता सुरावरून कळतं. निदान बऱ्याच वेळा कळतं.

आवाज मात्र अजून तसाच खणखणीत आहे. आपण शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसायचो आणि त्यांनी पुकारा केला की तू कानांत बोटं घालायचास, तसाच.

माझं म्हणशील तर बरं चाललंय. तोंड थोडं आलंय, कंगव्यात केस जरा जास्त दिसतात. करार कायदा वाचायला घेतला की एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचते आणि हातांच्या तळव्यांना मुंग्या येतात. बाकी परीक्षेला बसणाऱ्या मुलीही असंच सांगतात, तेव्हा काळजीचं कारण नाही.

बाबांचं करणाऱ्या बाईंच्या बस बंद आहेत, त्या येत नाहीत. परीक्षेच्या दिवशी बाबांजवळ कोण, हा प्रश्न तुला पडला असेल. सोय झाली आहे. शेजारच्या काकू दिवसभर येऊन बसणार आहेत. तुम्ही कोणी यायचा प्रश्नच नाही. आमच्या इमारतीत बाहेरच्यांना वर सोडतही नाहीत. तू उगीच मनाला लावून घेऊ नकोस.

छोटीला पापा.

तुझा भुंगा


३० मे

प्रिय दादा,

नमस्कार. छोटीने काढलेलं चित्र मिळालं. मी आणि बाबा दोघेही हसतोय आणि दोघांनाही सारख्याच मिशा आहेत. ते कपाटावर लावलंय.

परीक्षा झाली. सकाळचा पेपर छान गेला. पुराव्याच्या कायद्यावरचे प्रश्न तर असे आले होते, की जणू कोणी माझ्याच वहीत डोकावून काढलेत. पेन्सिलीचा उपयोग झाला, ओठ मिटलेले राहिले. मधल्या सुट्टीत बाबांना भरवलं, त्यांचे कपडे बदलले, स्वतः उभ्याउभ्याच काहीतरी खाल्लं.

काकूंना आदल्या दिवशी ताप भरला, त्यामुळे त्या येऊ शकल्या नाहीत. पण निभावलं. आता त्यांना बरं आहे, साधाच ताप निघाला. मी लांबूनच दाराशी चहा ठेवून येते आणि त्या आतून ओरडून सांगतात, ‘साखर कमी!’

इकडे उन्हाळा फार झालाय. समोरच्या शाळेचं फाटक बंद असल्यामुळे आत एवढं गवत माजलंय, की घसरगुंडी अर्धी दिसेनाशी झाली. इस्त्रीवाल्याने दुकान बंद करून भाजी विकायला सुरुवात केली आणि भाजीसुद्धा तो इतकी नीट रचून ठेवतो, की उचलताना वाईट वाटतं. वाण्याच्या दुकानासमोर रांगेसाठी खडूने गोल आखलेत, त्यात उभं राहिलं की वाटतं आता कोणीतरी शिट्टी वाजवणार.

दुपारचा पेपर थोडा अर्धवट राहिला. होतं असं. निकालाला अवकाश आहे, आत्तापासून डोकं शिणवून काय उपयोग?

बाबा सध्या माझ्यावर रुसलेत की मी त्यांच्यावर, कोण जाणे. जेवतात नीट. पण हाक मारत नाहीत. तहान लागली तरी पडून राहतात, मीच जाऊन विचारायचं. घर फार शांत झालंय. मला झोप नीट लागत नाही ती बहुतेक त्यामुळेच.

वहिनीला नमस्कार सांग.

तुझा भुंगा


४ जुलै

दादा,

तुझं पत्र मिळालं. ‘अभिनंदन! आमच्या घरातली पहिली वकील!’ असं तू निकालाआधीच मोठ्या अक्षरांत लिहिलंयस आणि खाली वहिनीने फूल काढलंय. ते वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. तुला हे असंच वाटत राहू देणं शक्य होतं. निकाल लागेपर्यंत मी वेळ मारून नेली असती आणि मग म्हटलं असतं, ‘थोडक्यात गेली.’ तसं करणारच होते.

माझा दुपारचा पेपर अर्धवट राहिला नाही. तो काढून घेतला.

सांगते. पेपर सुरू होऊन थोडाच वेळ झाला होता. काकू नव्हत्या, हे तुला माहीत आहे. मी बाबांना उशीला टेकवून बसवलं होतं, पाणी हाताशी ठेवलं होतं, आणि दहादा समजावलं होतं, की आता संध्याकाळपर्यंत हाक मारायची नाही. त्यांनी मान हलवली होती. मी दिवाणी दाव्याचा एक लांबलचक प्रश्न सोडवत होते आणि बाहेरच्या खोलीतून हाक आली. ‘हाजिर हो!’

पडद्यावर लगेच अक्षरं उमटली. ‘खोलीत दुसऱ्या व्यक्तीचा आवाज आला आहे. ही सूचना समजावी.’ मी मान खाली घातली. पुन्हा हाक आली, या वेळी मोठ्याने. मी सुरावरून ओळखायचा प्रयत्न केला, दादा. पाणी नव्हतं. दुखत असल्याचा सूर मला पाठ आहे, तोही वाटला नाही. पण माझ्या कानांत माझंच रक्त एवढं धडधडत होतं, की मला खात्री देता येईना. तिसरी हाक आली आणि मी उठले. विचार करून नाही उठले. पाय उठले.

आणि बाबांना काय हवं होतं? पंखा कमी करून हवा होता.

काही झालं नव्हतं. तसेच उशीला टेकून बसले होते आणि निरोगी हाताने वर पंख्याकडे दाखवत होते. वाऱ्याने त्यांची चादर सरकली होती, बस. मी पंखा कमी केला, परत धावत आले, तर पडदा करडा झालेला. ‘उमेदवाराने जागा सोडल्यामुळे पेपर समाप्त.’

मग मी बाहेरच्या खोलीत गेले आणि त्यांच्यावर ओरडले. आपल्या घरात आजवर असं कोणी ओरडलं नसेल. ‘पंख्यासाठी? पंख्यासाठी, बाबा?’ ते हळू आवाजात तेच म्हणत राहिले, ‘हाजिर हो, हाजिर हो,’ आणि माझा हात धरायला बघत होते. तो सूर मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. ते माफी मागत होते, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची दाढी करताना कळलं. तेव्हापासून त्यांनी हाक मारणं सोडलं.

त्या आठवड्यात मी कशी होते ते लिहीत नाही. एवढंच सांगते, की एकदा भाजी घेऊन येताना जिन्यात मध्येच श्वास घेता येईना. मी पायरीवर बसले आणि मला वाटलं, आपण आता इथेच संपतो. बोटं वाकडी झाली होती. काकूंना माझ्या पिशवीचा आवाज आला असावा. त्या तोंडाला पदर लावून बाहेर आल्या आणि लांबूनच म्हणाल्या, ‘माझ्याकडे बघ. मी मोजते, तू फुंकर मार. मेणबत्ती विझवल्यासारखी.’ अशा पुष्कळ मेणबत्त्या विझवल्या तेव्हा कुठे उठता आलं. त्यांना त्यांच्या बाळंतपणात दाईने हे शिकवलं होतं म्हणे. मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन केला. तेही तेच म्हणाले, शिवाय गोळी दिली आणि म्हणाले की हा आजार आहे, नाटक नाही. हे वाक्य मला कोणीतरी सांगायला हवं होतं.

मग मी मंडळाकडे अर्ज केला, की माझं म्हणणं ऐकून घ्या. त्यांनी तारीख दिली. सुनावणी घरूनच, त्याच कॅमेऱ्यासमोर.

आदल्या दिवशी काकू म्हणाल्या, ‘अगं, पलंगावरून पडले म्हणून सांग ना. एवढा आजारी माणूस. कोण येतंय बघायला?’ खरं सांगू का, मी तसं लिहूनही काढलं होतं. नियमांत सवलत आहेच, घरात जिवावर बेतलं असेल तर उठता येतं. बाबा पडले असते, तर मी सुटले असते. सगळी संध्याकाळ मी मनातल्या मनात त्यांना पाडत होते. कुठे लागलं, कसं उचललं, सगळं तयार झालं. आणि मग त्यांना जेवण भरवायला गेले, तर ते माझ्याकडे बघत तोंड उघडून बसलेले. माझ्याने होईना. मी तो कागद फाडला.

समोर तिघं होते, दोन पुरुष आणि एक बाई. मधल्या गृहस्थांनी विचारलं, ‘वडिलांना काय झालं होतं?’

मी म्हटलं, ‘काही झालं नव्हतं. त्यांना पंखा कमी करून हवा होता.’

ते चष्म्यावरून बघायला लागले. ‘म्हणजे जिवाला धोका नव्हता, हे तुम्हाला मान्य आहे?’

‘आज मान्य आहे. पण त्या वेळी मला ते माहीत नव्हतं. त्यांना बोलता येत नाही. काही झालं नाही हे कळायला मला उठून जावंच लागलं असतं. नियम म्हणतो, धोका असेल तर उठा. पण धोका आहे की नाही हे बसल्याजागी कसं कळणार, ते नियमात नाही.’

दोन वाक्यांच्या मध्ये मान खाली घालून मी हळूच फुंकर मारत होते. तेवढ्यात, इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच, बाहेरच्या खोलीतून हाक आली. अगदी व्हरांडाभर जाईल अशी. तिघेही दचकले. बाईंनी विचारलं, ‘हे काय म्हणाले ते?’ मी सांगितलं. ते कोर्टात काय काम करायचे तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘आत्ता जायचं आहे का तुम्हाला?’

‘नाही. आत्ता शेजारच्या काकू त्यांच्याजवळ आहेत.’

‘मग परीक्षेच्या दिवशी अशी व्यवस्था का केली नाहीत?’ मधले गृहस्थ म्हणाले. बरोबर प्रश्न होता. मी वकील असते तर मीही हाच विचारला असता.

मी म्हटलं, ‘काकू ऐन वेळी आजारी पडल्या.’

‘दुसरं कोणी नाही घरात?’

दादा, मी म्हटलं, ‘भाऊ आहे. त्याला मी विचारलं नाही.’

‘का?’

मी म्हटलं, ‘तो नाही म्हणेल, अशी भीती वाटली.’

हे मला स्वतःलाही तोपर्यंत माहीत नव्हतं. तिथे, तीन परक्या माणसांसमोर, माझ्या तोंडून निघालं. आमच्या इमारतीत बाहेरच्यांना सोडत नाहीत हे खरं आहे, पण घरच्या माणसाला ओळखपत्र दाखवून सोडतात. तुझी सबब मीच तुझ्यासाठी तयार करून ठेवली होती. तू ती मागितलीसुद्धा नव्हतीस.

निर्णय असा झाला, की पेपर परत मिळणार नाही. पण नापास असा शेरा बसणार नाही आणि सप्टेंबरात पुन्हा बसायला परवानगी आहे. सकाळचा पेपरही पुन्हा द्यायचा. म्हणजे अर्धी जिंकले. शेवटी बाई म्हणाल्या, ‘पडले म्हणाला असतात तर आम्ही पुरावा मागितला नसता.’ मी म्हटलं, ‘ठाऊक होतं.’

आता मुद्द्याचं. तू कायद्याचं शिक्षण सोडून दुकान टाकलंस तेव्हा बाबांनी तुझ्याशी बोलणं टाकलं. चूक त्यांची होती. दोन वर्षं मी मध्ये निरोप्यासारखी फिरले. मग त्यांचा राग उतरायला लागला होता असं मला वाटतं, पण तोवर त्यांची वाचाच गेली. तुझ्या मनात काय अडकलंय ते मला कळतं. तू आलास आणि ते काहीतरी म्हणाले, तर ते माफ केलं असं म्हणाले की चालता हो असं म्हणाले, तुला कधीच कळणार नाही. मला तरी कुठे कळतं सगळं? मी रोज अंदाज करते आणि रोज थोडी चुकते.

सप्टेंबरची परीक्षा या वेळी दोन दिवस चालणार आहे. ये. मी विचारतेय. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण तू म्हण. मी आता तुझ्या वतीने बोलणार नाही.

भुंगा


१८ ऑक्टोबर

दादा,

नमस्कार.

तू नाही म्हणाला नाहीस आणि आलाही नाहीस. तू वहिनीला पाठवलंस. दारात पिशव्या घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, ‘ह्यांना दुकानातून निघता आलं नाही.’ मी म्हटलं, ‘बरं.’ खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला इतका राग आला, की तिला आत या म्हणायचंही सुचलं नाही.

मग ती आत आली आणि दोन दिवस बाबांची झाली. तिने त्यांना न्हाऊ घातलं, नखं कापली, त्यांच्याशी अखंड गप्पा मारल्या, छोटीच्या शाळेपासून शेजारणीच्या भांडणापर्यंत. हाका आल्या. मला दारामागून ऐकू येत होत्या, पडद्यावर सूचना आली नाही, कारण वहिनीने दाराला गाद्या लावल्या होत्या. मी उठले नाही. पहिल्या हाकेला माझे पाय जमिनीवर दाबले गेले. पुढच्या हाकांना नाही. शेवटच्या पेपरात तर एकदा मी उत्तर लिहिता लिहिता हसले, कारण बाहेर वहिनी म्हणत होती, ‘अहो, हाजिरच आहे, कुठे गेलेय!’

दुसऱ्या दिवशी पेपर संपल्यावर मी कचरा टाकायला खाली गेले. तिथे फाटकावरच्या वॉचमननं विचारलं, ‘ताई, तुमचे भाऊ कालपासून गाडीतच बसून आहेत, वर का जात नाहीत? मी त्यांना पाणी नेऊन दिलं.’

तू झोपला होतास. सीट मागे टाकून, मास्क हनुवटीवर, तोंड उघडं. अगदी बाबा झोपतात तसा. पुढच्या काचेवर झाडाची पानं साठली होती, म्हणजे गाडी हललीच नव्हती. मी काचेवर टकटक करायला हात उचलला आणि खाली घेतला. उठवलं असतं तर तू काहीतरी कारण सांगितलं असतंस आणि मी ते ऐकून घेतलं असतं. मी वर निघून आले.

वहिनीला विचारलं तेव्हा ती रडली. म्हणाली, ‘जिन्यापर्यंत आले होते. वरून मामंजींची हाक ऐकली आणि तिथूनच मागे फिरले.’ तिच्यावर रागवू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं.

पण तुला माहीत नसलेलं एक सांगायला हे पत्र आहे. वहिनीने बाबांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की तुम्ही दोघं आलात आणि तू खाली आहेस. मला सांगितलं नाही, माझा पेपर होता म्हणून. बाबांना सांगितलं. त्यांनी हाताने खूण करून खुर्ची खिडकीशी लावून घेतली. वहिनी म्हणते, दुसऱ्या दिवशी तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते तिथेच बसले होते. जेवले तिथेच. पलंगावर नेऊ लागली तर पाय रोवून धरले. दुसऱ्या मजल्यावरून तुझ्या गाडीचं फक्त टप दिसतं. ते टपाकडे बघत बसले होते. तू एकदाही वर बघितलं नाहीस.

संध्याकाळी वहिनी खाली यायची म्हणून तू गाडी सुरू केलीस तेव्हा त्यांनी हात वर केला, असं वहिनी जिना उतरायच्या आधी माझ्या कानात सांगून गेली. त्याचा अर्थ काय ते मी तुला सांगणार नाही. मला खात्री नाही आणि अंदाज करून तुझ्या पदरात टाकायचं मी बंद केलंय.

काल निकाल लागला. मी पास झाले. काकूंनी एवढा आरडाओरडा केला, की खालच्या मजल्यावरची माणसं काय झालं म्हणून धावत आली. बाबांना सांगितलं, तर त्यांनी माझं डोकं हाताने खाली ओढलं आणि त्यांच्या खांद्यावर दाबून धरलं. बराच वेळ सोडलंच नाही. मला वाटलं होतं पास झाल्यावर छातीवरचा दगड उतरेल. उतरला नाही सगळा. गोळ्या अजून चालू आहेत. जिना चढताना अजून मध्येच थांबते.

शपथ पुढच्या महिन्यात, बाबांच्याच जुन्या कोर्टात. प्रत्येकी घरच्या दोघांना आत सोडणार आहेत. बाबांना न्यायचं, तर त्यांना खुर्चीसकट दोन जिने उतरवायला हवेत आणि तिथले तीन चढवायला. मला एकटीला ते जमणार नाही. काकूंचा मुलगा आनंदाने येईल, वॉचमनही येईल. मी दोघांनाही विचारलेलं नाही आणि विचारणार नाही. तू आलास तर बाबा येतील. नाही आलास तर मी एकटी जाऊन शपथ घेईन आणि तुझ्यावरचा राग संपवून टाकेन, कारण तो बाळगायला आता माझ्यात ताकद उरली नाही.

तुझी वाट बघत नाही, असं लिहिणार होते.

बघतेय. खुर्ची अजून खिडकीशीच आहे, ती मी हलवलेली नाही, आणि बाबाही हलवू देत नाहीत.

तुझी बहीण